वहिनीच्या नावाची फाइल

वळ गावातल्या केसरीनाथांच्या घरात रोज सकाळी चहाच्या आधी एक गोळी घेतली जायची. गोळीच्या चिठ्ठीवर नाव सुनेचं, मेघालीचं. गोळी गिळायची उन्नती, केसरीनाथांची मुलगी. दोन वर्षं हा प्रकार चालू होता आणि घरातल्या कुणीही बाहेर त्याबद्दल तोंड उघडलं नव्हतं. शेतावर गोदामं उभी राहिली, दारात गाडी आली, मुलगी बी.कॉम. झाली. मुलीला आजार असणं हा मात्र अजून गुन्हाच राहिला.

सुरुवात साधीच होती. उन्नती सुजायला लागली. केस मूठमूठ गळायचे, पाळी चुकायची, जेवल्यावर बसल्या जागी डोळा लागायचा. तिच्या आईला, हौसाबाईंना, आधी तो आळस वाटला. मग नारपोलीतल्या एका अनोळखी दवाखान्यात त्यांनी तिला नेलं. पेशंटचं नाव विचारल्यावर हौसाबाईंनी शांतपणे सांगितलं, मेघाली. लॅबमध्येही तेच. टीएसएच चार-साडेचारच्या जागी अठ्ठावीस आला, थायरॉइड मंदावल्याचं निदान झालं, गोळी सुरू झाली आणि सगळे कागद सुनेच्या नावावर जमत गेले. मेघालीने जाब विचारला तेव्हा सासू म्हणाली, "तुजा लगीन झालाय. तुला आता कोन बगाया येनार हाय?" नवरा कुणाल मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, कागदच तर आहे.

पण त्या कागदाला पाय फुटले. चिठ्ठी गावातल्या मेडिकलवर गेली आणि महिन्याभरात सगळ्या गावाला कळलं, केसरीनाथांच्या सुनेला थायरॉइड आहे. हळदीकुंकवाला बायका तिला, थायरॉइडला चालत नाही, कोबी खाऊ नकोस म्हणून बजावू लागल्या. लग्नाला तीन वर्षं होऊन मूल नव्हतं, त्याचं कारणही लोकांना आयतं मिळालं. संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. ज्या हौसाबाईंनी हे खोटं रचलं, त्याच हळूहळू ते खरं मानू लागल्या. काय करणार, सूनच आजारी मिळाली, असं त्या शेजारणींपाशी सांगायच्या, आणि मेघाली आत भाकऱ्या थापत ते ऐकायची.

यंदा उन्नतीचं राहनाळच्या भाविकशी जमलं. मार्चमधल्या तपासणीत टीएसएच नॉर्मल आला होता. हौसाबाईंनी रिपोर्ट देवापुढे ठेवला आणि पोरगी बरी झाली म्हणून गोळी बंद केली. आकडा गोळीमुळे जागेवर आला होता, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं, कारण हौसाबाई डॉक्टरकडे पुन्हा गेल्याच नाहीत. उन्नती परत सुजू लागली. साखरपुड्याचा ब्लाउज दोनदा ढिला करून घ्यावा लागला, तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तेवढ्यात मेघालीला दिवस गेले. पहिल्या तपासणीला जुने कागद घेऊन या, असं दवाखान्यातून सांगितलं होतं. आनंदाच्या भरात हौसाबाईंनी कपाटातली मेघाली नावाची अख्खी फाइल पिशवीत घातली.

डॉक्टरबाई ती वाचून मेघालीवर चिडल्या. सहा महिने तपासणी नाही, गोळी बंद, आणि वर गरोदर. पहिले तीन महिने बाळ आईच्याच थायरॉइडवर वाढतं, एवढं तरी ठाऊक हवं होतं. त्यांनी वाढीव डोसाची चिठ्ठी लिहिली, आजच सुरू करा म्हणाल्या आणि रक्तही देऊन जायला सांगितलं. हौसाबाई सुनेच्या कानाशी लागल्या. "चिठ्ठी घे. गोळी गटारात टाक. रक्ताचा उद्या बगू. आदी साखरपुडा होऊ दे."

जाब एकदाच विचारून मेघाली पुढे अडीच वर्षं गप्प राहिली होती. पोटात बाळ नसतं तर पुढेही राहिली असती, हे कबूल करायला हवं. तिने चिठ्ठी टेबलावर परत ठेवली.

"डॉक्टर, या फाइलमधलं रक्त माझं नाही. मला थायरॉइड आहे की नाही, ते अजून कुणी बघितलेलंच नाही."

कुणाचं आहे, असं त्यांनी विचारलं.

"जिचं आहे, ती सांगेल."

डॉक्टरबाईंनी फाइल मिटून बाजूला ठेवली. मग त्यांनी हौसाबाईंना समोर बसवून समजावलं. ग्रंथी मंदावली की मेंदू तिला मोठ्याने हाक मारतो, ती हाक म्हणजे टीएसएच. गोळी मिळाली की हाक थांबते, गोळी काढली की परत सुरू होते. ज्याला गरज नाही त्याने ती घेतली तर छातीत धडधड सुरू होते, आणि गरोदरपणात तो धोका दुहेरी. हे रक्त जिचं असेल तिला लवकर घेऊन या, असंही त्या म्हणाल्या.

घरी रण माजलं. केसरीनाथांना घराची अब्रू आठवली. माज्या पोरीचा वाटोला केलास, म्हणून हौसाबाई रडल्या. त्या पोरीने मात्र सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी एकटीच लॅबमध्ये जाऊन स्वतःच्या नावाने रक्त दिलं. मेघालीने दवाखान्यातच दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला. उन्नतीचा टीएसएच एक्केचाळीस. तिने रिपोर्टचा फोटो काढून भाविकला पाठवला.

दहा मिनिटांत त्याचा मेसेज आला. "काही हरकत नाही. माझ्या बहिणीला, पूर्वीला पण आहे. फक्त आमच्या घरात कुणाला सांगू नको."

हौसाबाईंचा जीव भांड्यात पडला. पोरगा सोन्यासारखा हाय, आता गप बस, म्हणाल्या. उन्नती गप्प बसली नाही. तिने लिहिलं, "पूर्वीच्या चिठ्ठीवर नाव कुणाचं असतं?"

मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दोन्ही घरांच्या बैठकीत भाविक याचं उत्तर मोठ्याने देईल, तेव्हाच साखरपुडा, असं उन्नतीने आईवडिलांना सांगितलं आणि ब्लाउज शिंप्याकडून परत आणला नाही.

भाविकच्या राहनाळच्या घरातही एक सून आहे. तिचं नाव मी मुद्दाम विचारलेलं नाही. तुम्ही आपल्या घरचं कपाट उघडा, आणि तिथल्या फाइलवर कुणाचं नाव आहे ते वाचा.