बिडावरचे दोन ठिपके

भगवंताच्या जुन्या जीपच्या इंजिनाचा ब्लॉक कळंबला धम्मपालच्या बोअरिंग मशीनवर चढला आणि त्या बिडानं, ओतीव लोखंडानं, त्याला रडवलं. इतकं कडक, की टूल बोथट व्हायचं. घासून लावलं की पुन्हा बोथट. पण डोंगरचढाच्या शर्यतीला असंच बीड लागतं, मऊ बीड ताकद वाढवली की दम सोडतं. धम्मपाल हट्टाला पेटला आणि त्यानं चारही सिलिंडर आतून कोरून मापात आणले.

मग रीतीप्रमाणे ब्लॉकच्या खालच्या कोपऱ्यात पंच ठोकून दोन ठिपके उठवले. एक धम्मपालचा, एक राघूचा. राघू फिटर, इंजिनची बसवाबसवी त्याच्याकडं. दोघांनी मिळून शेड टाकली तेव्हापासूनची ही रीत. राघू डावखुरा, त्याचा ठिपका कायम तिरका पडायचा. "राघ्या, ठिपकाबी तुझ्यावानीच वाकडा," असं धम्मपाल दर वेळी चिडवायचा.

जुन्नरकडच्या शर्यतीत भगवंताची जीप अर्ध्या चढावर धूर ओकून बसली. त्याच कंपनीची राघूची जीप मात्र बकरीसारखी वर गेली. लोकांनी राघूला खांद्यावर घेतलं, त्यात धम्मपालही होता.

दोन दिवसांनी भगवंतानं उघडलेला ब्लॉक शेडमध्ये आणून टाकला. सिलिंडरला उभी चीर होती.

"धम्मपालभाऊ, तुमी बोअर जास्ती घेतलं. आता कळंबला कोण काम टाकंल?"

"मी म्हणलो व्हतो, लई घेऊ नका," राघू पाना पुसत म्हणाला.

धम्मपालचं तोंड कडू झालं. आपलं माप चुकलं? त्यानं कानस उचलली आणि ब्लॉकच्या कडेला चालवली. कानस सहज रुतली. भगवंताच्या कडक बिडावर ती त्या दिवशी नुसती घसरली होती.

त्यानं ब्लॉक उलटा केला. दोन ठिपके होते. दोन्ही तिरके.

माणूस केसानं गळा कापतो म्हणतात, ते त्याला तेव्हा कळलं. एका डब्यात जेवलेला माणूस, आणि गळा त्यानंच कापला.

"भगवंतराव, ह्यो ब्लॉक तुमचा न्हाई. तुमचा ह्याच्या जीपमधी हाये."

भगवंत राघूकडं वळला. राघू जमिनीकडं बघत होता.

"एकदाच जितायचं व्हतं, भाऊ," तो पुटपुटला. "शर्यत झाली की परत बदलणार व्हतो."

"जिंकायचं व्हतं तर सांगायचं. भगवंतरावांच्या हातापाया पडून, असला दुसरा ब्लॉक कुठं मिळतो ते इचारलं असतं." धम्मपालचा आवाज चढला नाही, फाटला. "ब्लॉक नेलास, नेलास. माझा ठिपका कशाला मारलास?"

राघूनं डावा हात खिशात घातला.