वहीतलं शेवटचं नाव

तिने वही काउंटरवर उघडी ठेवली आणि शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं.

"हे. कितीलाही द्या, पण आज द्या."

दुकानदाराने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. जुन्या रेकॉर्ड विकणारा माणूस. दुकान जिन्याखालचं, इतकं चिंचोळं की एक गिऱ्हाईक बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्याला वळता येत नसे. त्याने ओळ अशी वाचली, जणू हे नाव तो आजच पाहतोय.

"कोल्ड रिन्स."

"जपानी आवृत्ती," ती म्हणाली. "पाचशेच प्रती निघाल्या, असं तुम्हीच म्हणालात. एका माणसाकडे आहे पण तो विकत नाही, हेही तुम्हीच म्हणालात. मग मला त्याचा पत्ता द्या. मी जाऊन पाया पडते त्याच्या."

"अहो, एवढी घाई कसली?"

"सोमवारी उत्तर द्यायचंय मला."

कसलं उत्तर, हे तिने आजवर परक्या माणसाला सांगितलं नव्हतं. आज सांगून टाकलं. ती दातांच्या कवळ्या बनवायची. सात तासांवरच्या शहरात एक मोठी लॅब होती, तिथल्या मालकीणबाईंनी तिचं काम पाहून तिला बोलावलं होतं. राहायला खोली, हाताखाली चार माणसं. गेल्या वर्षीही बोलावलं होतं, तेव्हा तिने 'थोडं थांबा' म्हणून वेळ मारून नेली होती. या खेपेला बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, सोमवारपर्यंत हो म्हणा, नाहीतर मी दुसरी बघते.

"मग म्हणा की हो," दुकानदार म्हणाला. "त्यात या रेकॉर्डचा काय संबंध?"

आता याला काय सांगणार, कपाळ!

संबंध होता तो नवऱ्याचा. त्याला न्यू वेव्ह आणि सिंथ-पॉपचं, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या विलायती बँडच्या यंत्रावरच्या गाण्यांचं, वेड. आणि त्यातही खूळ असं की फक्त ग्रेटेस्ट हिट्सच्या एलपी घ्यायच्या. खरे दर्दी त्याला हसायचे. हा म्हणजे नुसती साय खाणारा, दूध न पिणारा. त्याचं म्हणणं साधं होतं. या लोकांची प्रत्येकी चार गाणी झकास असतात, बाकीची भरती. चार गाण्यांसाठी मी दहा एलपी का घ्याव्यात? त्याने चौकटीच्या वहीत हिरव्या शाईने एकशे अठरा बँडची नावं लिहिली होती, सगळी मोठ्या अक्षरांत, आणि मिळेल तशी एकेका नावापुढे खूण करत चालला होता. सत्त्याऐंशी खुणा झाल्या आणि तीन वर्षांपूर्वी तो ऑफिसच्या जिन्यात दम लागून बसला, तो उठलाच नाही.

महिनाभराने तिने बहिणीकडे जायला बॅग भरली. तेव्हा सासूबाई दारात आल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. हातात ही वही होती.

"एवढी पुरी कर आणि मग जा. त्याचं अर्धवट टाकून जाऊ नकोस. मग मी तुला अडवायची नाही."

ती हो म्हणाली. त्या दिवसांत तिला कुणी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी ती हो म्हणाली असती. एकतीस नावं उरलेली. सहा महिने, फार तर वर्ष, असा तिने हिशेब केला.

हिशेब चुकला नव्हता. वर्षभरात एकोणतीस मिळाल्या. दोनच उरल्या म्हणून तिने वही उघडली, तर उरल्या होत्या तीन. आपणच चुकीचं मोजलं असेल, असं तिला वाटलं. त्या वर्षी ती घराच्या पायऱ्यासुद्धा चुकीच्या मोजायची. पुढच्या दोन महिन्यांत दोन सापडल्या. तिसरीने मात्र पावणेदोन वर्षं तिला या दुकानातून त्या दुकानात फिरवलं होतं. फोनवर शोधलं तर त्या नावाचं काही येईना. त्यावर हाच दुकानदार हसून म्हणाला होता, "सगळं फोनवर असतं तर लोक माझ्याकडे कशाला आले असते?"

तोच दुकानदार आता चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत होता. स्वच्छ झाला तरी पुसत होता.

"बाई, एक सांगतो. रागावू नका."

"बोला."

"असा बँड नाहीये हो."

तिने वही स्वतःकडे वळवून ती ओळ पुन्हा वाचली.

"चाळीस वर्षं हेच करतोय मी. त्या काळातले सगळे मला पाठ आहेत. एकच गाणं करून मेलेलेसुद्धा. असा बँड झालाच नाही."

"मग जपान?"

"ते मी ठोकून दिलं. थाप." त्याची मान खाली गेली. "तुम्ही पहिल्यांदा नाव घेतलंत तेव्हा दुकानात दोन दर्दी उभे होते. त्यांच्यासमोर माहीत नाही म्हणायचं? जीभ रेटेना माझी. आणि गंमत बघा, ते दोघंही म्हणाले, हो हो, ऐकलंय आम्ही, सुरुवातीची गाणी जास्त चांगली होती."

तिला हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर.

"आणि नंतर? नंतर तरी सांगायचं ना. मी दर शनिवारी येत होते."

"नंतर लाज वाटायला लागली." त्याने काउंटरखालून पांढऱ्या, कोऱ्या पाकिटातली एक रेकॉर्ड काढली. "ही घेऊन जा. पैसे नकोत. कव्हर नाही, लेबल नाही. कुणाची आहे ते मला माहीत नाही. हे वाक्य मी या दुकानात पहिल्यांदाच बोलतोय."

तिने ती घेतली, कारण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. बसमध्ये ती मांडीवर ठेवून बसली आणि दोन थांबे पुढे गेल्यावर आपण पुढे आलोय हे तिच्या लक्षात आलं. मग उलटं चालत घरी आली. नवऱ्याने चूक केली असेल. कुठेतरी काहीतरी ऐकलं असेल, घाईत लिहिलं असेल. पण आता त्याला विचारायचं कसं? नसलेली रेकॉर्ड मिळणार नाही, म्हणजे वही पुरी होणार नाही. म्हणजे ती म्हातारी होईपर्यंत दर शनिवारी बाहेर पडणार आणि रिकाम्या हाताने परत येणार.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. दोन खोल्या. तिच्या खोलीतलं रेकॉर्डचं कपाट वाढत वाढत खिडकीवर आलं होतं, त्यामुळे खिडकीची एकच झडप उघडायची आणि तेवढ्या पट्टीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. शेजारणी म्हणायच्या, सून असावी तर अशी, पोटची मुलगी करणार नाही इतकं करते. सासूबाईंनी छळ केला असता तर बरं झालं असतं, निदान भांडून निघता आलं असतं. पण त्या तिचा एप्रन इस्त्री करून ठेवायच्या. तिला उशीर झाला तर न जेवता बसून राहायच्या. शनिवारी नवी रेकॉर्ड आली की दोघी समोरासमोर बसून अख्खी ऐकायच्या, आणि सासूबाई शेरे मारायच्या. "हा माणूस किती रडतोय गं, आणि मागे मिक्सर लावलाय कुणी?" किंवा, "लिफ्टचं दार उघडं राहिलंय वाटतं यांच्या." एरवी त्यांचा आवाज असा उघडा, हसरा लागत नसे.

आज त्या गच्चीवर कपडे काढायला गेल्या होत्या. न्हाणीघरात वॉशिंग मशीन पीं पीं करत होतं. त्या मशीनला हात लावायची तिला बंदी होती. "दिवसभर प्लास्टरमध्ये हात असतात तुझे, कपड्यांचं मी बघते," असं सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि ते आठ वर्षं निभावलं होतं. तिने आवाज बंद करायला म्हणून बटण शोधलं. गोल खटका होता, त्याच्याभोवती बारीक इंग्रजी अक्षरं. सुती. लोकरी. नाजूक. आणि त्याच्या खाली, गार पाण्यातून नुसते काढायच्या कपड्यांसाठी: कोल्ड रिन्स.

ती वाकून वाचत राहिली. मग पुन्हा वाचलं.

मग तिला हसू फुटलं. इतकं की तिने तोंडावर हात दाबला आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसली. अगं बाई! सासूबाई म्हणजे जन्मभर शाळेत मुलांच्या वह्या तपासलेली बाई. मुलाचं अक्षर गिरवणं तिला काय जड? वहीत दोनच नावं उरलेली बघितली असतील, आणि घरात नाव शोधलं असेल. इंग्रजी, आणि त्या बँडच्या नावांसारखं काहीच्या बाही. आणि किती बरोबर निवडलं होतं!

मग हसू थांबलं. पावणेदोन वर्षं. गेल्या वर्षीचं बोलावणं. पावसापाण्यातले शनिवार, ते कोंदट कोपरे, ते 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणणारे लोक. आणि आल्यावर दारातच सासूबाई विचारणार, मिळालं का गं? तिच्या कानशिलांत रक्त चढलं. आज त्यांना हाताला धरून इथे आणायचं, या खटक्यावर बोट ठेवायला लावायचं आणि म्हणायचं, वाचा. मोठ्याने वाचा.

जिन्यात चपला वाजल्या. सासूबाई हनुवटीपर्यंत कपड्यांचा ढीग घेऊन आत आल्या. सगळ्यांत वर तिचाच एप्रन होता. खिशावरचा प्लास्टरचा डाग घासून घासून तिथलं कापड विरलं होतं.

"आलीस? मिळालं का गं काही?" आणि ती उत्तर द्यायच्या आत, "नाही ना? असू दे, असू दे. पुढच्या शनिवारी बघ."

त्या 'असू दे'मध्ये केवढा सुटकेचा श्वास होता, तो तिला आज पहिल्यांदा ऐकू आला. सगळं बोलणं ओठांवर तयार होतं.

"मिळाली," ती म्हणाली.

सासूबाई ढीग खुर्चीत ठेवायला गेल्या. खुर्ची वीतभर पलीकडे होती. कपडे जमिनीवर पडले.

"काय मिळाली?"

"कोल्ड रिन्स."

"अगं, ती कशी मिळेल?" त्या म्हणाल्या आणि थांबल्या. पदराने ओठ टिपले. "म्हणजे... ती दुर्मीळ आहे ना. जपानी का कुठली."

"आजच आली दुकानात. लावू?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती पांढरं पाकीट हातात धरून सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत उभी होती, आणि नजर काढून घेत नव्हती. न्हाणीघराचा दिवा मागे तसाच चालू होता. सासूबाईंची नजर तिथवर गेली आणि परत आली. मग त्या आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसल्या.

"लाव."

ती व्यायामाची रेकॉर्ड निघाली. कुठल्याशा परक्या भाषेत एक बाई ठणठणीत आवाजात आकडे मोजत होती आणि मागे कुणीतरी पियानो बडवत होतं. मध्येच बाई श्वास घ्या म्हटल्यासारखं काही म्हणायची आणि पुन्हा मोजायला लागायची. एरवी सासूबाईंनी एवढ्यावर अर्धा तास करमणूक केली असती. आज एक शेरा नाही. हात मांडीवर ठेवून त्या अख्खी बाजू ऐकत बसल्या, आणि ती समोर बसून त्यांच्याकडे बघत राहिली. नाही म्हणा आता, तिला वाटत होतं. म्हणा, की ही ती नव्हे. म्हणजे मला तरी बोलता येईल.

सुई मध्यावर जाऊन खरखरायला लागली.

"हीच," सासूबाई म्हणाल्या. घसा साफ करून पुन्हा म्हणाल्या, "हीच ती. त्याला फार आवडायची."

त्या उठल्या. आपल्या कपाटातल्या शालीच्या घडीखालून त्यांनी हिरवं पेन काढलं, वही मागून घेतली, आणि शेवटच्या ओळीपुढे खूण केली. पेन चालायला जरा वेळ लागला, म्हणून त्यांनी ती दोनदा केली. मग वही मिटून तिच्या हातात दिली आणि खाली वाकून कपडे गोळा करायला लागल्या.

तीही वाकली. दोघी एकाच चादरीची टोकं धरून उभ्या राहिल्या.

"त्या लॅबच्या बाईंना कळवायचंय ना तुला?"

"सोमवारी करते फोन, आई. अजून दोन दिवस आहेत."

"आत्ता कर."

"अहो, पण..."

"आत्ता कर, म्हणते ना." सासूबाईंनी चादरीची घडी घातली आणि तिच्याकडे न बघता ती छातीशी धरली. "नाहीतर उद्यापर्यंत मला आणखी एखादं नाव सुचायचं."