पेज मला अडवता येत नाही

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. भांडी घासायच्या सिंकच्या तोंडावर बसते ना, तीच. स्टीलची, वाटीएवढी. शामकलाबाईंनी मला गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारातून निवडून आणले, त्याला आठ वर्षे झाली.

माझे काम साधे होते. पाणी जाऊ द्यायचे आणि शिते, भाजीचे देठ धरून ठेवायचे. शामकलाबाई मला रोज म्हशीच्या घमेल्यात झटकत. भात वेळल्यावर निघालेली दाट पेजही म्हशीच्याच बादलीत जाई. "या जाळीच्या भरवशावर माही मोरी हाये," असे त्या आल्यागेल्याला सांगत. मला ते खरे वाटले. तिथेच मी फसले.

मागच्या वर्षी म्हैस विकली आणि त्यांच्या मुलाने, हेमेंद्रने, गोंदियाहून भांडी धुण्याचे यंत्र आणले. त्याची सांडपाण्याची नळी माझ्या खालच्या पाइपालाच जोडली. "मशीन सब खाऊन टाकते, आई," तो म्हणाला. खरकटी ताटे तशीच आत जाऊ लागली. बादली राहिली नाही, म्हणून पेज माझ्या डोक्यावर ओतली जाऊ लागली. ती माझ्या भोकांतून सहज निसटते आणि पुढे पाइपात थंड होऊन खळीसारखी चिकटते. पाणी तुंबू लागले.

"हेच जाळी पाणी अडवून राहिली!" असे म्हणत शामकलाबाईंनी मला उपटून खिडकीत फेकले. माझी आठ वर्षांची राखण त्यांना आठवलीही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी!

पंधरा दिवसांत पाइप गच्च झाला. यंत्राचे घाण पाणी सिंकमधून वर आले आणि स्वयंपाकघरभर पसरले. नळाची कामे करणाऱ्या केवलरामला बोलावले. त्याने पाइपातून पेजेचा आणि शितांचा पांढरा गोळा काढला. मग यंत्राच्या तळातून खरकट्याने बुजलेली एक जाळी काढली.

"मशीन काई खात नाई, बाई. तिच्या पोटातबी जाळीच हाये. ताट झाडून ठेवा, हे जाळी धुवत जा. अन् पेज कायले ओतता मोरीत? शेजारी उदारामची गाय हाये ना, तिले द्या."

शामकलाबाईंनी मला घासूनपुसून जागेवर बसवले. "चुकलंच माहं," असेही म्हणाल्या. मी विरघळले, काय करणार!

संध्याकाळी भात झाला. उदारामचे फाटक आमच्या मागच्या दारातून दिसते. शामकलाबाईंनी हातात पातेले धरून तिकडे पाहिले. पण त्यांची मालिका सुरू झाली होती. गरम पेज पुन्हा माझ्याच डोक्यावर आली.

मित्रांनो, शिते मी मरेपर्यंत अडवीन. पेज तुम्हीच थांबवायची आहे. हा पाइप पुन्हा तुंबणार, हे मला माहीत आहे. त्या दिवशी मला उपटण्याआधी एकदा आपल्या हातातले पातेले बघा.