अल्माटीही चालेल, कोलंबोही चालेल

लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तेव्हा सुनेत्रा भिरूड यांनी नवऱ्याकडे ना दागिना मागितला ना साडी. त्या म्हणाल्या, "अहो, या वेळी कुठे जायचं ते गाव तुम्ही सांगायचं. एकच गाव. मी तोंड उघडणार नाही."

अच्युतराव भिरूड मटार सोलत होते. चंडीगडमध्ये डिसेंबर लागला की प्रत्येक घरात एक माणूस मटार सोलायला लागतो, आणि हा माणूस बहुधा ज्याला दुसरं काही सांगायचं नसतं तोच असतो. ते म्हणाले, "अगं, मला काय, कुठेही चालेल."

"हेच नकोय मला."

"बरं, मग तू म्हणशील तिथे."

"हेही नकोय."

अच्युतराव गोंधळले. 'चालेल' हा शब्द त्यांनी भुसावळहून येताना बरोबर आणला होता आणि परमुलखात त्याच्यावर त्यांचं सगळं सुरळीत चाललं होतं. त्यांना कुठलीही भाजी चालायची, कुठलाही रंग चालायचा, मेहुणा आठ दिवस राहायला आला तरी चालायचा. सासूबाई आल्यागेल्याला सांगत, जावई देवमाणूस आहे, कशाला म्हणून नाही म्हणत नाही. देवमाणसाबरोबर राहायचं म्हणजे काय, हे सासूबाईंना कुणी विचारलं नव्हतं. पडदे, सोफा, मुलीची शाळा, दर सुट्टीतलं हिल स्टेशन, सगळं सुनेत्राबाईंनी ठरवलं होतं. सोफा टोचला तर तो त्यांचा सोफा. मनालीच्या रस्त्यावर दरड कोसळली तर ती त्यांची दरड. अच्युतराव गाडीत बसून शांतपणे म्हणत, "तू म्हणालीस म्हणून आलो ना आपण."

"पंचवीस वर्षांत एकदा," सुनेत्राबाई म्हणाल्या, "मला तुमच्या तोंडून ऐकायचंय, मला अमुक हवंय. पुढचं बघून घेऊ."

अच्युतराव सेक्टर तीसच्या सरकारी प्रयोगशाळेत तापमापकं तपासतात. तिथला नियम असा की एकट्या यंत्राबद्दल मत द्यायचं नाही; ते दुसऱ्याशेजारी ठेवायचं आणि दोघांतला फरक लिहायचा. गावाच्या बाबतीतही हीच रीत लावायचं त्यांनी ठरवलं. दोन गावं शेजारी ठेवली की त्यांतलं एक आपोआप खाली पडेल, मग उरलेलं आपण सांगायचं. त्यात स्वतःच्या इच्छेचा संबंध येत नाही, ही या पद्धतीची मोठी सोय होती.

मोहालीच्या एयरोसिटीत रघुवीर सिंग यांचं ट्रॅव्हलचं ऑफिस आहे. भिरूडांची सगळी तिकिटं वर्षानुवर्षं तेच काढतात. अच्युतरावांनी त्यांना नवरा-बायकोचे पासपोर्ट पाठवले, जानेवारीतल्या तारखा सांगितल्या आणि एकमेकांशी काहीही साम्य नसलेली दोन शहरं सुचवायला सांगितली. सकाळी अल्माटीचा भाव आला. अच्युतरावांनी उत्तर पाठवलं, "चलेगा." दुपारी कोलंबोचा आला. त्यांनी त्यालाही उत्तर पाठवलं, "ये भी चलेगा." आणि ते तक्ता करायला बसले.

खर्चाचा रकाना वाटला तितका सोपा नव्हता. अल्माटीचं विमान स्वस्त, पण तिथे उतरायच्या आधी माणसाला कोट, बूट, हातमोजे आणि आतून घालायचे ते अंगाला चिकटणारे कपडे घ्यावे लागतात. कोलंबोचं विमान महाग, पण तिथे घरातल्याच कपड्यांत जाता येतं. मात्र तिथे समुद्र आहे, समुद्रात कोळंबी आहे, आणि बायको सुनेत्रा आहे. कोळंबी आणि कोट समोरासमोर ठेवल्यावर फरक जवळजवळ मिटला. अच्युतरावांना बरं वाटलं. निकाल लांबला की त्यांना नेहमीच बरं वाटतं.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. रघुवीर सिंग पिन्न्यांचा, म्हणजे पंजाबी लाडवांचा, डबा आणि दोन पाकिटं घेऊन दारात उभे राहिले.

"बधाइयाँ, भाभीजी! सिल्वर जुबली! साहब का दिल देखो, कितना बड़ा है. अल्माटी भी, कोलंबो भी!"

सुनेत्राबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या प्रेमाने त्यांनी यापूर्वी पाहिल्याचं अच्युतरावांना आठवत नव्हतं. अंदाजे दीड मिनिट त्यांचा संसार अत्यंत सुखाचा झाला. मग सुनेत्राबाईंनी दोन्ही पाकिटं उघडली.

"अहो, ही दोन्ही विमानं एकाच दिवशी निघतायत."

"कसं शक्य आहे? रघुवीरजी, ये टिकट किसने बोला निकालने को?"

"आपने जी! मैंने पूछा अल्माटी, आपने लिखा चलेगा. मैंने पूछा कोलंबो, आपने लिखा ये भी चलेगा. मैंने सोचा एक की तारीख बाद में आगे करवा लेंगे, कुछ तो प्लान होगा. ऑफर शाम तक का था, तो पैसे मैंने अपनी जेब से भर दिए. आप तो अपने हो."

"पर चलेगा मतलब... चलेगा! मतलब निकालो नहीं!"

"तो चलेगा मतलब क्या?"

आतल्या खोलीतून ओजस्विनी बाहेर आली. ही त्यांची मुलगी. मोहालीतल्या एका आयटी कंपनीत कामाला. मराठी तिला सगळी कळते, फक्त ती त्यात उत्तर देत नाही. ती म्हणाली, "अंकल, पापा का 'चलेगा' मतलब 'पढ़ लिया'."

"और हाँ बोलना हो तो?"

"वो अभी तक बोला नहीं है. बोलेंगे तो आपको बता दूँगी."

रघुवीर सिंग सोफ्यावर बसले. सोफा त्यांना टोचला; तेही काही बोलले नाहीत. मग त्यांनी फोनवर बराच वेळ हिशेब करून सांगितलं की कोई गल नहीं, एक रद्द करता येईल. नुकसान होईल, पण अल्माटी रद्द केलं काय नि कोलंबो रद्द केलं काय, तेवढंच होईल. "बस बुधवार तक एक नाम बता दो जी."

ते गेले. सुनेत्राबाईंनी दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली.

"आता तर खर्चही सारखा झाला. सांगा."

"हवामानाचं बघायचं राहिलंय," अच्युतराव म्हणाले.

"त्यात काय बघायचंय? एकीकडे बर्फ, एकीकडे घाम!"

"दिसतं तसं. पण माणूस बाहेर थांबतो किती? अल्माटीत बाहेर उणे दहा, मान्य. पण आपण बाहेर राहणार दोन तास. उरलेले बावीस तास आत, आणि आत हीटिंग, चोवीस अंश. कोलंबोत बाहेर एकतीस. तिथे तू समुद्रावर राहणार सहा तास. उरलेले अठरा तास हॉटेलात, एसी अठरावर."

"मग?"

"दोन्हीची सरासरी काढली. सव्वाएकवीस."

"कुठली?"

"दोन्हीची. फरक आहे, पण तो आमच्याकडे धरत नाहीत."

सुनेत्राबाई विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतात. वर्गात त्या अनेकदा सांगतात की सरासरी हा माणसाचा सत्य लपवायचा सगळ्यात सभ्य मार्ग आहे. त्यांनी अंगावरची शाल घट्ट केली, कारण या चर्चेच्या वेळी त्यांच्या स्वतःच्या हॉलमध्ये बारा अंश होते, आणि त्या म्हणाल्या, "म्हणजे अल्माटी आणि कोलंबोचं हवामान एक आहे."

"अनुभवाला येणारं."

"ठीक आहे," सुनेत्राबाई म्हणाल्या. "मलाही कुठेही चालेल."

अच्युतरावांना वाटलं, सुटलो. पण त्या रात्री जेवायला काय करायचं हे विचारल्यावर सुनेत्राबाई म्हणाल्या, "काहीही चालेल." ते म्हणाले, "मलाही." मग दोघं बराच वेळ बसून राहिले. एका घरात 'चालेल' म्हणणारा एकच माणूस परवडतो. दुसरा झाला की स्वयंपाक होत नाही. शेवटी ओजस्विनीने कुलचे मागवले. सोमवारी गीझर बिघडला. दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? दोन्ही चालेल. ओजस्विनी बादलीभर गार पाण्याकडे पाहून म्हणाली, "यार, आप दोनों में से कोई तो विलन बनो." मंगळवारी साताऱ्याहून सुनेत्राबाईंच्या भावाचा फोन आला, मार्चमध्ये महिनाभर येऊ का? अच्युतरावांनी सवयीने तोंड उघडलं. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. अशा वेळी "विद्यापीठात परीक्षा असतात रे" म्हणून भावाला परतवण्याचं काम सुनेत्राबाई करत. त्या स्वेटर विणत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मेहुणा महिनाभरासाठी पक्का झाला.

अच्युतराव गॅलरीत गेले. बाहेर धुकं इतकं होतं की समोरची इमारत नुसती ऐकू येत होती. नाही म्हणायला किती श्रम पडतात याचा त्यांना प्रथमच अंदाज आला, आणि हे श्रम इतकी वर्षं कोण करत होतं याचाही.

बुधवारी दुपारी रघुवीर सिंग यांचा फोन आला. अच्युतरावांनी तो स्पीकरवर टाकला. सुनेत्राबाई समोर बसल्या होत्या, ओजस्विनी दाराला टेकून उभी होती.

"हाँ जी भिरूड साहब, कौन सा रखना है?"

"रघुवीरजी, ऐसा है, दोनों का औसत तापमान..."

"पापा!"

अच्युतराव थांबले. त्यांनी चष्मा काढला. मग त्यांनी बायकोशी मराठीत बोलायला सुरुवात केली, कारण अशा गोष्टी हिंदीत त्यांना सुचत नव्हत्या.

"मला बर्फ पडताना बघायचाय," ते म्हणाले. "पडलेला नाही. पडताना. भुसावळला आम्ही बर्फ बघायचो तो कारखान्याबाहेर, भुशात गुंडाळलेला. इकडे आलो तेव्हा मनात म्हटलं, आता जवळच आहे. सहा वेळा शिमल्याला गेलो. प्रत्येक वेळी आदल्या दिवशी पडलेला असायचा, चिखल झालेला. मी कधी बोललो नाही. मला अल्माटीला जायचंय."

फोनमधून रघुवीर सिंग म्हणाले, "साहब, अल्माटी सुनाई दिया. पक्का?"

"पक्का."

सुनेत्राबाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी पदराने नाक पुसलं. "एवढंच तर हवं होतं हो मला," त्या म्हणाल्या. आणि मग, "पण मला नाही यायचं अल्माटीला."

"काय?"

"मला थंडी सोसत नाही. इथलीच सोसत नाही. मला समुद्रात पाय सोडून बसायचंय."

"अगं, मग कोलंबो म्हणायचंस ना पहिल्याच दिवशी!"

"म्हटलं असतं तर तुम्ही चालेल म्हणाला असतात."

अच्युतरावांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. फोनमध्ये रघुवीर सिंग अजून होतेच. त्यांना सगळा प्रकार समजावल्यावर त्यांनी नाइलाजाने हिशेब केला. दोन्ही पाकिटांतून एकेक माणूस कमी केला तरी नुकसान तेवढंच होत होतं. पण त्यांचा आवाज उतरला. "भाभीजी, सिल्वर जुबली पर अलग-अलग? कोई झगड़ा हो गया? मैं अपना कमीशन छोड़ता हूँ जी, आप लोग बैठ के बात कर लो."

"बात ही तो की है, रघुवीरजी," सुनेत्राबाई म्हणाल्या. "पहली बार."

जानेवारीत ते एकाच टॅक्सीने दिल्लीला निघाले. अच्युतरावांच्या अंगावर गुडघ्यापर्यंतचा कोट होता, सुनेत्राबाईंच्या बॅगेत सुती कपडे. आणि टॅक्सी सुरू झाल्याबरोबर सुनेत्राबाईंच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलोय.

"मला पुढे बसायचंय," अच्युतराव म्हणाले.

ते पुढे बसले. मग त्यांनी ड्रायव्हरला गाणं बदलायला लावलं, मग आवाज कमी करायला, मग पहिलंच गाणं परत लावायला. मुरथलला ढाब्यावर त्यांना आलूचा पराठा नको होता, गोबीचाही नको होता, मुळ्याचा हवा होता, पण लोण्याशिवाय, आणि खिडकीशेजारचं टेबल हवं होतं, पण खिडकी बंद. वाढपी तीनदा येऊन गेला. "आणि तो हॉलमधला सोफा," पराठा मोडत ते म्हणाले, "मला कधीच आवडला नाही. तुझा हिरवा शालूही नाही. तुझ्या भावाला फोन करून सांगतो, मार्चमध्ये नको म्हणून."

"तो तेवढा कराच," सुनेत्राबाई म्हणाल्या.

त्यांनी लगेच केला. साताऱ्यात काय झालं ते कळलं नाही, पण फोन लवकर संपला.

विमानतळावर कळलं की धुक्यामुळे दोन्ही विमानांना उशीर आहे. किती, ते कुणी सांगत नव्हतं. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस भिरूड दांपत्याने दिल्लीच्या विमानतळावर साजरा केला, जिथे ना बर्फ होता ना समुद्र. अच्युतरावांनी तीन वेळा खुर्च्या बदलल्या. पहिली पंख्याखाली होती, दुसरी घोषणेच्या भोंग्याखाली. तिसरी त्यांना पसंत पडली आणि ते सुखाने पाय लांब करून बसले. सुनेत्राबाईंना वाटलं, बरं झालं, दोन गावं आहेत.

मग कोलंबोची घोषणा झाली. त्या उठल्या, बॅग खांद्याला लावली.

"सुनेत्रा," अच्युतराव म्हणाले. कोटात त्यांना घाम फुटला होता. "आणखी एक. मला तू तिथे हवी होतीस."

त्या थांबल्या. मागच्या माणसाची ट्रॉली त्यांच्या टाचेला लागली, तरी थांबल्या.

"हे आज सांगताय? आता?"

"आत्ताच लक्षात आलं."

"पुढच्या वर्षी एकत्र जाऊ," त्या म्हणाल्या. "पण गाव मी ठरवेन."

"कुठलं, ते आधी सांग," अच्युतराव म्हणाले. "मग बघतो."