चालू गाडीला चावी

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे आणि मला माझ्याच चावीची भीती वाटते. हसू नका. टनभर ओझे वाहणारा हा लोखंडाचा गडी बोटाएवढ्या चावीला भितो, हे ऐकायला विचित्र वाटते खरे. पण का भितो, ते एकदा ऐकून घ्या.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी निळा होतो. मला एका काचवाल्यांनी घेतले. खिडक्यांना आणि दुकानांच्या दारांना काचा बसवण्याचा त्यांचा धंदा. त्यांनी माझ्या पाठीवर लाकडाची उंच घोडी बसवली, तिला जुन्या पोत्यांचे अस्तर ठोकले आणि काचा तिच्यावर उभ्या रेलून बांधल्या. काच कधी आडवी नेऊ नये. खड्डा आला की आडवी काच आपल्याच वजनाने तडकते. मालक मला खड्ड्यात इतके हळू उतरवायचे की मागचे गाडीवाले शिव्या घालायचे. शिव्यांनी काच फुटत नाही, असे म्हणून मालक आणखी हळू जायचे. बावीस वर्षांत माझ्या पाठीवर सातच काचा फुटल्या. ही गाडी नाही, पाळणा आहे, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी फुगून जायचो.

पत्र्याच्या छपराखाली त्यांचा लांबट कारखाना होता. एका टोकाला काचेची कड घासायचे चाक होते. त्याचा आवाज असा की दारातली चिमणी उडून जाई. मालक त्या चाकापाशी चाळीस वर्षे उभे राहिले. त्यांच्या हाताखाली काम करणारी त्यांची मुलगी कानात कापूस घाला म्हणायची. आवाज ऐकला नाही तर कड कशी लागते ते कळणार कसे, असे ते तिलाच विचारायचे.

त्या चाकाने त्यांचे कान हळूहळू खाल्ले. कुणाच्या लक्षात आले नाही, कारण त्यांनी येऊ दिले नाही. लोक हसले की ते हसत, लोकांनी मान हलवली की मान हलवत. मला मात्र कळले, आणि तेही फार वाईट रीतीने.

एके दिवशी भर बाजारात एका दुकानाची काच बसवून ते येऊन बसले. चावी फिरवली. मी लगेच सुरू झालो. पण भोवती एवढा गोंगाट होता की माझी मंद धडधड त्यांना ऐकू गेली नाही. मी सुरूच झालो नाही असे समजून त्यांनी पुन्हा चावी फिरवली.

मित्रांनो, इंजिनाला जागे करणारी एक छोटी मोटर असते. तिला सगळे सेल्फ म्हणतात. चावी फिरवली की सेल्फचे दातेरी चाक पुढे सरकते, इंजिनाच्या मोठ्या दातेरी चाकात अडकते, त्याला एक झटका देते आणि मागे हटते. पण मोठे चाक आधीच वेगाने फिरत असेल तर? दातावर दात. खर्रर्र! माझे अंग नखशिखांत थरारले. तो थरकाप स्टिअरिंगमधून मालकांच्या हातापर्यंत गेला आणि त्यांनी चावी सोडली. खरवडत का होईना, झाली एकदाची सुरू, असे त्यांना वाटले. घरी जाऊन त्यांनी सांगितले की सेल्फ दात खातोय.

मग हे अधूनमधून होऊ लागले. शांत रस्त्यावर नाही, आमच्या अंगणात नाही. गोंगाट असला की नेमके व्हायचे. पण केव्हा गोंगाट होता आणि केव्हा नव्हता, याचा हिशेब कोण ठेवतो? मुलगी मला चालवायची तेव्हा तर एकदाही झाले नाही. तिने तसे सांगितले, तेव्हा मालक म्हणाले की गाडी तुला घाबरते. मी घाबरलो होतो हे खरे. तिला नव्हे.

आमचे मिस्त्री पक्कडमामा. खिशात कायम पक्कड, म्हणून हे नाव. त्यांनी बॅटरीच्या तारा घासल्या, सेल्फचे बोल्ट आवळले आणि आपल्या शांत गल्लीत चाळीस वेळा चावी फिरवली. मी चाळीस वेळा गुपचूप सुरू झालो. काय करणार? दुखणे दवाखान्याच्या पायरीवर पळून जाते, असे म्हणून मामा हसले आणि त्यांनी नवा सेल्फ बसवून दिला. दोन महिन्यांत तोही दात खाऊ लागला.

मालक आता मला मोडीत काढायचे बोलू लागले. मोडीची भीती वाटत होतीच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. पाठीवर काचा असल्या की घोडीमुळे आरशात मागचे काही दिसत नाही. म्हणून आमच्याकडे एक रीत होती. मागच्या माणसाने हाका द्यायच्या आणि मालकांनी त्या हाकेवर मला मागे घ्यायचे. येऊ द्या, येऊ द्या, बस. बावीस वर्षे आम्ही असेच मागे आलो. ज्यांना माझी धडधड ऐकू येत नव्हती, त्यांना ती ‘बस’ ऐकू येईल का?

ती वेळ आलीच. एका गोदामाच्या भिंतीपाशी मुलगी हाका देत होती. मी मागे चाललो होतो. ती म्हणाली, बस. मी थांबलो नाही. ती पुन्हा ओरडली, बस. मी कसा थांबणार? ब्रेक माझा असला तरी पाय माझा नाही. तिची पाठ भिंतीला टेकली होती. तिसऱ्यांदा ओरडून तिने दोन्ही तळहात माझ्या मागच्या फळीवर दणादण मारले. तो हादरा मालकांना जाणवला आणि त्यांनी ब्रेक दाबला. तिच्यात आणि माझ्यात वीतभर जागा उरली होती.

मालक उतरून आले आणि तिच्यावरच रागावले. “बस म्हणायला काय झालं होतं तुला?”

ती हळूच म्हणाली की म्हटलं होतं. तेही त्यांना ऐकू गेले नाही. गोदामातल्या यंत्रांच्या आवाजात आपली हाक बुडाली, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मी मात्र त्या दिवसापासून मागचा गिअर पडला की थरथरू लागलो. लोक म्हणत, इंजिन म्हातारे झाले.

त्याच आठवड्यात बाजारात मी पुन्हा खरवडलो. बापलेक मला मामांकडे घेऊन गेले. या वेळी मामांनी सेल्फ काढला आणि त्या जागेच्या भोकातून विजेरीने आत पाहिले. पान्याने इंजिन थोडेथोडे फिरवत त्यांनी मोठ्या चाकाचा एकेक दात तपासला.  मग मुलीला जवळ बोलावून ते म्हणाले, “बंद गाडीचं इंजिन दर वेळी ठराविक दोन-तीन जागीच थांबतं. तिथलेच दात झिजायला हवे होते. इथे सगळेच खाल्ले गेलेत. कुणीतरी चालू गाडीला चावी मारतंय.”

दोघांनी मालकांकडे पाहिले. ते तीन पावलांवर माझी काच बाहीने पुसत होते. त्यांना यातले काही ऐकू आले नव्हते.

तू सांग, मामा म्हणाले. तुम्ही मिस्त्री आहात, तुम्ही सांगा, ती म्हणाली. दोघेही सांगेनात. मामांनी नवा सेल्फ हातात घेतला. माझा जीव घाबरा झाला. हे मला बरे करून पुन्हा तसेच रस्त्यावर सोडणार होते.

तेवढ्यात मालकच पुढे आले. काय एवढे बघताय, म्हणत त्यांनी भोकात बोट घातले. काचवाल्याचे बोट ते, डोळे मिटून कडेचा दोष सांगणारे. मामा पान्याने चाक फिरवत राहिले आणि बोट एकेका दातावरून फिरत राहिले. पूर्ण फेरा झाला.

“पक्कड, हे फिरत्या चाकावर घासलंय,” ते म्हणाले.

मामांनी मान खाली घातली.

“आणि चावी तर माझ्याच हातात असते.”

 मालकांनी काळे झालेले बोट बाहेर काढले. मुलीकडे वळून त्यांनी विचारले, “गोदामापाशी तू बस म्हणाली होतीस?”

तिने त्यांना ओठ दिसतील असे सावकाश सांगितले, “तीनदा, बाबा.”

मालकांनी खिशातून चावी काढून माझ्या बॉनेटवर ठेवली. 

माझे दातेरी चाक बदलले. मालकांच्या कानाला यंत्र लागले. त्याला महिना गेला, तोवर मुलगीच मला चालवत होती. नंतर एका सकाळी तिने चावी त्यांच्यापुढे धरली. ते बसले. बाहेर शेजारी भिंत फोडत होते, चांगलाच गोंगाट होता. त्यांनी चावी फिरवली. मी सुरू झालो. पण त्यांची बोटे चावीवरून निघेनात. माझा प्रत्येक दात भीतीने आवळला गेला. ते मान तिरकी करून ऐकत राहिले, ऐकत राहिले.

“चालू आहे,” ते म्हणाले आणि त्यांनी हात काढला.

मित्रांनो, मला तेलपाणी वेळेवर द्या, माझे बोल्ट आवळत जा, हे तर मी सांगेनच. पण माझे जास्तीचे मागणे एवढेच आहे. तुमच्या घरात कुणी तीनतीनदा ‘काय?’ विचारत असेल, उगाच मान हलवत असेल, तर त्यांना हसू नका आणि आदरापोटी गप्पही बसू नका. समोर बसा, ओठ दिसतील असे बसा आणि सांगा. आम्हा गाड्यांना सगळे कळते, पण सांगता येत नाही. तुम्हाला येते.