पहिलं पोर

“आसाबे, चमचा ठेव आणि बाहेर ये! पायऱ्या अजून तशाच आहेत!”

मेट्रन हाजिया दारातूनच ओरडली. म्हाताऱ्या झाडूवालीच्या, आसाबेच्या मांडीवर रबीचं पोर होतं. हगवणीनं त्याचे डोळे आत गेले होते, टाळू खोल गेली होती. सलाइन केव्हाच संपलं होतं. रंगाचे डबे मात्र काल ट्रक भरून आले. आता साखरमिठाचं पाणी चमच्याचमच्यानं, हात न थांबवता पाजत राहायचं, एवढंच उरलं होतं.

“ह्याची आजी येईस्तोवर थांबते की.”

“फीत कापायला येणारी मंत्र्यांची बायको थांबणाराय होय तुझ्यासाठी? दे कुणाच्या तरी मांडीवर.”

कुणाच्या? वॉर्डातल्या प्रत्येकीच्या मांडीवर आपापलं आजारी पोर होतं. मोकळी मांडी एकच. रबीची. ती शेजारच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती.

रबीचं हे पहिलं पोर. गिदान याशी गावात बाई पहिल्या पोराला चारचौघांत मांडीवर घेत नाही, त्याचं नाव तोंडातून काढत नाही, त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. पाजायचं तेही कापडाखाली, मान वळवून. बाकी सगळं आजीनं करायचं. आईनं जीव लावलेला दिसला की ती बेशरम. आणि रबीची सासू सकाळीच मालमकडे, गावच्या मौलवीकडे गेली होती, पाटीवर लिहिलेली दुआ धुतलेलं पाणी आणायला.

हा दवाखाना आधी गोऱ्या शिपायांचा तबेला होता. मग नन आल्या, त्यांनी खाटा मांडून भिंती निळ्या केल्या. त्या गेल्यावर खाणवाल्यांनी हिरव्या केल्या, लष्करानं पिवळ्या. दर वेळी दारावर नवं नाव, नवी फीत, टाळ्या. पंप तोच, तबेल्यातला, घोड्यांसाठी बसवलेला. आता पांढरा रंग. भिंतीचा पोपडा उडाला की खालचे रंग दिसायचे, आणि कुणाचं पोर निळ्यात गेलं, कुणाचं पिवळ्यात, ते आसाबे सांगायची.

तिचं स्वतःचं हिरव्यात गेलं.

सोळाची होती ती. अशीच भिंतीकडे तोंड करून बसली होती. पाठीमागे पोराचा श्वास घरघरत होता. मग घरघर थांबली. सासू उठली, ते उचलून घेऊन गेली. आसाबेनं मान वळवली नाही. बाया म्हणाल्या, पोरगी असावी तर अशी. पुढं दुसरं पोर झालं नाही, नवऱ्यानं घालवली, दवाखान्यानं हातात झाडू दिला.

तेव्हापासून पहिलटकरणींवर तिच्यासारखा पहारा कुणाचा नव्हता. एखादीनं पोराचा पापा घेतला की ही ओरडायची, “चाटतेस काय गं? शेळी आहेस?” सगळा वॉर्ड हसायचा. ओरडणं भाग होतं तिला. ही लाज फुकटची ठरली, तर तिचं पोर मग कशापायी गेलं?

“आसाबे!” बाहेरून पुन्हा हाक आली.

पोरानं चमच्यातलं पाणी ओठावरून सांडलं. आसाबे उठली.

“रबी, घे.”

“आजी, लोक आहेत.”

“असू देत.”

“परवा तूच त्या खाटेवरच्या लामीला शेळी म्हणालीस.”

“म्हणाले. जीभ झडो माझी. घे म्हणते ना!”

रबी वळली नाही. छातीपाशी तिच्या कापडावर दुधाचे ओले डाग पसरत होते.

आसाबेनं पोर तिच्या पुढ्यात ठेवलं, वाटी ठेवली. मग अंगावरची चादर काढली, दोन्ही हातांनी उंच धरली आणि रबीकडे पाठ करून उभी राहिली. “आता कुणी बघत नाही. मीपण नाही.”

पाठीमागे खाट करकरली. मग वाटीवर चमचा वाजला.

हाजिया तरातरा आली. “हे काय लक्तर? फोटोवाले आत येतायत!”

“काढू देत फोटो.”

“नोकरी जाईल, म्हातारे.”

“झाडू कोपऱ्यात आहे. घेऊन जा.”

“उघड्या खांद्यांनी पुरुषांपुढं उभी राहतेस? लाज नाही वाटत?”

“पुष्कळ वाटून घेतली.”

अत्तराचा वास आत आला, मागोमाग दाराशी मंत्र्यांची बायको, मागोमाग कॅमेरे. वॉर्डाच्या दारातच फीत कापली गेली. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा आसाबेच्या लक्षात आलं, चमचाही थांबलाय.

“इलियासू,” चादरीमागून रबी म्हणाली.

या वॉर्डात कुठल्याच आईनं पहिल्या पोराला नावानं हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. बायांनी माना वर केल्या. रबीनं पुन्हा हाक मारली, मोठ्यानं. पोर गेलं होतं. मग ती रडायला लागली, मोकळ्या गळ्यानं, आणि कुणीही तिला शेळी म्हणालं नाही.

आसाबेनं हात खाली घेतले नाहीत.

तो फोटो आता पांढऱ्या भिंतीवर टांगलाय. मधोमध मंत्र्यांची बायको, हातात कात्री, तोंडभर हसू. कडेला एक विटकी चादर आणि ती वर धरलेले दोन हात. हाजियानं तेवढी कड कापायला सांगितली होती. पण मग मंत्र्यांच्या बायकोचा खांदाही कापला जात होता, म्हणून राहिली.