रखमाच्या डब्यातली गोळी

रामभाऊ गेल्यावर आठवड्याने झालेल्या त्यांच्या पुण्यानुमोदनाला बुवापाड्यातली सारी गल्ली लोटली होती. वंदना झाली आणि रामभाऊंचा धाकटा भाऊ राजरत्न बोलायला उठला. "आपली मनाली दम्यावरच रिसर्च करते. दादाचं नाव काढणार पोरगी!" लोकांनी माना डोलावल्या. मनालीला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बाबा कशाने गेले ते तिला कळलं होतं. पाच वर्षं ती तेच तर शिकत होती. शरीरातल्या चरबीपासून निरोप पोहोचवणारे बारीक रेणू बनतात. रोगाशी लढणाऱ्या पेशींना काही रेणू शांत करतात, काही चिथावतात. एखाद्या दमेकऱ्यात दुखण्यावरची साधी गोळी शांत करणारे रेणू बनूच देत नाही. मग चिथावणारे मोकाट सुटतात आणि श्वासनळ्या आवळतात. दमा आणि नाकात वाढलेलं मांस, ही त्याची खूण. बाबांना दोन्ही होतं. परिषदेत हेच पडद्यावर दाखवून मनालीने टाळ्या घेतल्या होत्या, घरी मात्र चकार शब्द काढला नव्हता. जळो ती हुशारी!

बाबा दाढ ठणकते म्हणाले, म्हणून आईने आपल्या गुडघ्यांची गोळी दिली. तासाभरात सगळं संपलं.

पाहुणे पांगले तशी रखमाने लेकीला स्वयंपाकघरात गाठलं. आठवडाभर रखमाच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"खरं सांग मने, गोळी द्यायला उशीर केला का गं मी? आधी भाकऱ्या उरकत बसले."

"नाही आई. तुझं काही चुकलं नाही."

रखमा पहिल्यांदाच मोकळेपणी रडली. मग तोंड धुऊन तिने फळीवरचा स्टीलचा डबा काढला. पाकिटातली एकेक गोळी कात्रीने कापून ठेवायची तिची सवय. कुठल्याच तुकड्यावर धड नाव नव्हतं. बाहेर जाऊन तिने चार गोळ्या राजरत्नच्या हातावर ठेवल्या. "भावजी, तुमची कंबर धरते ना? असू द्या जवळ."

राजरत्नलाही दमा होता. नाकाचं ऑपरेशन दोनदा झालेलं.

मनाली दारात थिजली. गप्प बसावं तर काका जाईल, बोलावं तर आई.

"काका, त्या गोळ्या इकडे द्या."

"का गं?"

"तुमच्यासारख्या दम्यात चालत नाहीत. जीव जातो."

रखमा उघडा डबा धरून तशीच उभी राहिली. मग ती लेकीकडे वळली.

"तुला आधीपासून ठाऊक होतं?"

"हो," मनाली म्हणाली.